दात येतो, निघतो की वाढतो?

इंदूरच्याच एका तरुण दंतवैद्य बाईंचा प्रश्न आला आहे. घरात मराठी, शिक्षण सगळं हिंदी-इंग्रजीत. मराठी पालकांसाठी त्यांनी एका पानाचं माहितीपत्रक लिहिलं. मथळा दिला 'बालकाची वृद्धी आणि विकास'. आत लिहिलं, 'सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ निघते' आणि 'दातांची वाढ होत असताना फटी दिसतात'. सासूबाई मथळ्यापाशीच थांबल्या, "कोणाकडे वृद्धी आली गं?" पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका वडिलांनी विचारलं, "सहाव्याच वर्षी दाढ का काढायची?" आता बाई विचारतात, मराठीत नेमकं लिहायचं तरी काय?

सासूबाईंचं बरोबर आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांतली 'वृद्धि और विकास' ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते, पण मराठी घरात वृद्धी म्हणजे सोयर, बाळ जन्मल्यावर पाळायचं दहा दिवसांचं अशौच. वेतनवृद्धी चालते, बाळाशेजारी वृद्धी लिहिली की जुन्या माणसांना दहा दिवसच आठवणार. 'वाढ' लिहा. शब्द त्याच 'वृध्' धातूचा आहे, प्राकृतातून घासून गुळगुळीत होऊन आलेला.

'दाढ निघते' हे मात्र माझ्याही घरात बोलतात. 'दाँत निकलना' रोज कानावर पडतं, तेव्हा "बाळाला दात निघतायत" हे तोंडात येणारच. माळव्यातल्या मराठीचं ते रूप आहे आणि बोलताना ते बदलावं असं मला मुळीच वाटत नाही. पण छापताना अडचण होते. बटण निघालं, पोपडा निघाला, चपलेचा अंगठा निघाला: मराठीत 'निघणे' म्हणजे जागा सोडणे. पुण्याच्या त्या वडिलांनी दाढ उपटून आल्याचंच वाचलं. 'दात काढणे'ही तसंच निसरडं, दवाखान्यात एक अर्थ आणि चारचौघांत फिदीफिदी हसण्याचा दुसरा. म्हणून कागदावर 'दात येणे'.

आता खरा प्रश्न 'वाढ' आणि 'विकास' यांचा. वाढ मोजता येते: उंची इतके सेंटिमीटर, वजन इतके किलो. विकास हा शब्द 'वि' आणि 'कस्' यांचा, म्हणजे उमलणे. कमळ विकसतं तेव्हा पाकळ्या मोठ्या होण्यापेक्षा मिटलेलं उघडणं महत्त्वाचं असतं. शरीरातही पेशींनी आपापली कामं वाटून घेणं, काहींनी हाड घडवणं, काहींनी इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, घडवणं, हा विकास. तुमची जोडी शास्त्राला धरून आहे, 'वाढ आणि विकास' अशी ती ठेवा.

पण बोलीत विकासाला वेगळंच क्रियापद आहे, आणि ते मला फार आवडतं: येणे. वयात येणे, मोहोर येणे, बोलता येणे, दात येणे. आत काहीतरी बराच काळ घडत असतं आणि एक दिवस ते दिसतं, तेव्हा मराठी माणूस 'आलं' म्हणतो. केस वाढतात, नखं वाढतात, कारण मुळाशी नवी भर पडतच राहते. माणसाच्या दाताचं तसं नाही. पहिली पक्की दाढ घ्या. तिचं इनॅमल जन्माच्या सुमाराला घडायला लागतं, तिसऱ्या वर्षापर्यंत माथा जबड्याच्या आतच पुरा होतो, सहाव्या वर्षी ती तोंडात दिसते आणि मूळ नवव्या-दहाव्या वर्षी पूर्ण होतं. तोंडात आल्यावर तिची रुंदी केसभरही वाढत नाही, कारण इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपलेल्या असतात. उंदराचे पुढचे दात मात्र जन्मभर वाढत राहतात. म्हणून उंदराचा दात वाढतो आणि माणसाचा दात येतो. म्हातारपणी "दात वाढलेत" म्हणतात, तेव्हाही हिरडी मागे सरकलेली असते.

मागच्या महिन्यात नातवाचा खालचा पुढचा दात पडला. मी तळहातावर घेऊन पाहिला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, वरून गुळगुळीत, खालून पोकळ, कडा खरखरीत. मूळ नव्हतंच. खालून पक्का दात वर सरकत असताना ते विरत गेलेलं असतं. माझी आई असा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायला सांगायची. आम्ही तो डबीत ठेवला. संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात, दोनदा जन्मणारा. पण सगळे दात द्विज नाहीत. दुधाचे दात २० आणि पक्के ३२. जास्तीच्या १२ दाढा, अक्कलदाढांसकट, एकदाच जन्मतात. त्यांच्या जागी आधी दुधाची दाढ नसते.

आता फटींचं वाक्य. वरचे पुढचे पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी पूर्ण रुंदीचे येतात, चेहरा अजून लहान असतो, म्हणून ते फावड्यासारखे दिसतात. त्यात वर दडलेले सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतात, माथे बाहेर फाकतात आणि मधे फट पडते. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे आले की ती बहुधा आपोआप मिटते. अमेरिकी दंततज्ज्ञ ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये या अवस्थेला बदकाच्या कुरूप पिल्लाचं नाव दिलं. ते नाव पत्रकात घालू नका. स्वतःच्या लेकराबद्दल 'कुरूप' वाचून आई दुखावेल. 'दात बदलण्याचं वय' पुरेसं आहे.

वाढतो तो जबडा, तिथे 'वाढ' निःशंक लिहा. एक वाक्य त्याच्या वेगाबद्दलही घाला. कवटी आणि मेंदू सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत बहुतांशी पुरे होतात. कवटीला चिकटलेला वरचा जबडा आधी आवरतो, खालचा मात्र उंचीबरोबर वयात येईपर्यंत आणि नंतरही वाढत असतो. "मोठा झाला की बघू" म्हणणाऱ्या पालकांना हे कळलं पाहिजे, कारण जबड्याला वळण देणारे उपचार ही वाढ चालू असतानाच लागू पडतात.

आणि दाढेचं वाक्य मी असं लिहीन: 'सहाव्या वर्षाच्या आसपास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती दुधाची नाही. ती किडली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.' हिला मराठीत घरगुती नाव नाही. अक्कलदाढेला आहे, आणि जिच्यावर जन्मभर चावायचं तिला नाही. तुम्ही 'सहा वर्षांची दाढ' म्हणायला लागा. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी आज्या आठ दिवसांत उचलतील.