एकटीने हॉटेलात राहायचंय, दाराला लावायला कोणतं गॅझेट सोबत न्यावं?

तू प्रश्नाखाली तीन गोष्टी लिहिल्या आहेस. नोकरीतली पहिलीच फिरती, चार रात्री एकटी, तर दाराचा अलार्म घेऊ की पाचर? खोली कितव्या मजल्यावरची मागू? आणि शेवटी जाता जाता, "साहेब म्हणाले, भीती वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवतो." पहिल्या दोन वाचून मी पुढे गेले असते. तिसरीशी अडकले. वयाने बरीच लहान दिसतेस म्हणून एकेरीवर येते, राग मानू नकोस.

प्रयोगशाळेतली यंत्रं बसवून द्यायची आणि तिथल्या लोकांना ती शिकवायची, हे काम मी अकरा वर्षं केलं. महिन्यातल्या आठ-दहा रात्री हॉटेलात. एवढ्या काळात माझ्या खोलीचं दार परक्या माणसाने एकदाच उघडलं, आणि तेही रीतसर, हॉटेलनेच दिलेल्या कार्डाने.

झालं असं. संध्याकाळी मला ४०७ मिळाली होती. एसीतून पाणी गळत होतं, गादीचा एक कोपरा भिजलेला. खाली सांगितलं तर काउंटरवरच्या मुलाने लगेच ४१२ चं कार्ड करून दिलं. "मॅडम, तुम्ही शिफ्ट व्हा, एन्ट्री मी करून घेतो." मी सामान उचललं आणि गेले. ती एन्ट्री त्याने केलीच नाही. ड्यूटी संपली, तो घरी गेला. कॉम्प्युटरच्या हिशेबी मी ४०७ मध्ये होते आणि ४१२ रिकामी.

रात्री एकच्या सुमारास कुलूप वाजलं. कार्ड लावल्यावर आधी बारीक 'टिक' होतं आणि मग आतली मोटर घरघरते, तो आवाज. झोपेत वाटलं, शेजारची खोली असेल. तेवढ्यात दार चार बोटं उघडलं, कॉरिडॉरच्या उजेडाचा पट्टा थेट माझ्या उशीपर्यंत आला आणि दार खाडकन थांबलं. वरची दांड्याची कडी मी लावलेली होती. फटीतून आधी बॅगेचं चाक दिसलं, मग एक बूट. मी ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण बाहेरचा माणूस माझ्याहून जास्त दचकला हे नक्की. "सॉरी, सॉरी, मला हीच रूम दिलीय" असं म्हणत बिचारा बॅग ओढत मागे सरकला.

खरा तमाशा पुढे आहे. मी रिसेप्शनला फोन लावला, बराच वेळ कुणी उचलेना. मग रात्रपाळीचा माणूस वर आला आणि दाराबाहेरून अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, या रूमवर तुमचं नाव दिसत नाही. जरा बाहेर येऊन कार्ड दाखवता का?" मी कडी काढली, दार मिटू नये म्हणून एक चप्पल मध्ये सरकवली आणि त्याच्यादेखत माझं कार्ड कुलपाला लावलं. लाल दिवा. पुसून परत लावलं. लाल.

ही कुलपं चालतातच अशी. नव्या पाहुण्याचं कार्ड एकदा लागलं की आधीच्या पाहुण्याचं आपोआप बाद होतं. खोली सोडून गेलेल्याने जुन्या कार्डाने परत येऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. त्या रात्री कुलपाच्या लेखी खोली त्या गृहस्थांची होती आणि घुसखोर मी. चप्पल तिथे नसती तर गाउनवर दोन अनोळखी पुरुषांसमोर मी माझ्याच खोलीबाहेर उभी राहिले असते आणि माझं ओळखपत्र आत टेबलावर.

आज कुणी असं बोलावलं तर मी दार उघडणार नाही. आतूनच सांगेन, "घोटाळा तुमचा आहे, त्यांना दुसरी खोली द्या, मी सकाळी बोलते." तेव्हा हे सुचलं नाही याचं कारण एकच, तो माणूस गोड बोलत होता. दरडावणाऱ्याला आपण उलट उत्तर देतो. गोड बोलणाऱ्याला नाही म्हणायची जीभच उचलत नाही. माझ्या अनुभवात एकट्या बाईला भीतीपेक्षा भीडच जास्त नडते.

आणि असा घोटाळा क्वचित होत असेल म्हणून कुलपावर भिस्त ठेवशील, तर तीही ठेवू नकोस. २०१२ मध्ये कोडी ब्रोशस नावाच्या प्रोग्रॅमरने ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत दाखवून दिलं की ओनिटी कंपनीची कार्डाची कुलपं स्वस्तातल्या सुट्या भागांच्या एका डबीने उघडतात. पुढे त्याच युक्तीने हॉटेलांत चोऱ्याही झाल्या. २०२४ च्या मार्चमध्ये आणखी एक प्रकरण बाहेर आलं: डोर्माकाबा कंपनीची सॅफलॉक कुलपं, १३१ देशांत मिळून ३० लाखांहून जास्त दारांवर. त्या हॉटेलचं कुठलंही एक कार्ड, अगदी मुदत संपलेलंसुद्धा, हाती आलं की त्यावरून बनावट कार्डांची जोडी करून तिथलं कुठलंही दार उघडता येत होतं. आतून फिरवून लावतो ती खिटीदेखील त्याने मागे सरकत होती. ही खोट शोधणाऱ्या संशोधकांनी तेव्हा पाहुण्यांना जे सुचवलं ते अगदी साधं होतं: दाराला साखळी असेल तर तीही लावा. कारण साखळीला आणि दांड्याच्या कडीला तार नाही, चिप नाही, कार्ड काय वाटेल ते सांगो. म्हणून खोलीत शिरल्यावर मी बाथरूम बघायच्या आधी कडी बघते. स्क्रू हलतात का, दांडा खोबणीत नीट बसतो का. ढिली असेल तर खोली बदलून मागायची, आणि ढिली असल्याचं खालच्या काउंटरवर चारचौघांत मोठ्याने सांगायचं.

आता साहेब.

परत आल्यावर मी ही हकीकत ऑफिसात हसत हसत सांगितली. साहेब हसले नाहीत. "बापरे, काही झालं असतं म्हणजे? कंपनीची जबाबदारी आहे." पुढच्या फिरतीला माझ्या जागी एक ज्युनिअर मुलगा गेला. त्याच्या पुढच्या फिरतीलाही तोच. मला सांगितलं गेलं की माझ्या काळजीपोटी. दीड वर्ष मी टेबलावर बसून त्याचे अहवाल तपासत होते. मग बढतीच्या वेळी बाहेरच्या कामाचा अनुभव मोजला गेला आणि तो माझ्या पुढे गेला. गुणी मुलगा होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानेच मला एकदा सांगितलं होतं की तो हॉटेलात कधीच कडी लावत नाही, नुसतं दार ओढून घेतो. म्हणजे त्या रात्री ४१२ मध्ये तो असता तर तो प्रवासी बॅग घेऊन सरळ पलंगापर्यंत पोचला असता! कडी लावणारीला घरी बसवलं आणि न लावणाऱ्याला पाठवलं, आणि याला नाव काय, तर सुरक्षितता. साहेबांना हे मी तेव्हा तोंडावर बोलले नाही. तिथेही भीडच.

म्हणून तुझ्या साहेबांना "भीती वाटत नाही" असं सांगत बसू नकोस, त्यावर वाद होतो. यादी दे. विमान रात्री उशिरा पोचणारं नको, दिवसाचं तिकीट. हॉटेल असं की जिथे रिसेप्शन रात्रभर चालू असतं. न्यायला येणाऱ्या गाडीचा नंबर आधी माझ्या हातात. हे तिन्ही खर्चाचे विषय आहेत, आणि खरोखर काळजी असेल तर कंपनी खर्च करते. नसेल तर तेही तुला कळेल.

बाकी झटपट. तळमजला नको, खिडकीतून आत येणं सोपं असतं. फार वरचाही नको, कारण आगीच्या बंबाची नेहमीची शिडी साधारण सहा-सात मजल्यांपर्यंतच पोचते. तिसरा ते सहावा उत्तम. खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते मोजून ठेव, धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला आणि मागे माणसं उभी असली, तर कार्ड परत देऊन दुसरी खोली माग आणि नंबर कागदावर लिहून द्या म्हणून सांग. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर ते मुठीने ओढून बघ. दारातल्या भिंगावर आतून कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी. "रिसेप्शनवरून बोलतोय, क्रेडिट कार्डाचे डिटेल्स परत सांगा" असा रात्री फोन आला तर ठेवून दे आणि आपण स्वतः रिसेप्शनला लाव. खोली साफ करा ही पाटी दारावर टांगू नकोस, ती आत कुणी नसल्याची जाहिरात आहे. टॅक्सीवाल्याला आपलं नाव आपण सांगायचं नाही, "कुणाला न्यायला आलात?" असं त्यालाच विचारायचं. बहुतेक देशांत मोबाइलवरून ११२ लावलं की फोन तिथल्या मदतयंत्रणेकडे वळतो. छुप्या कॅमेऱ्यांच्या शोधात मात्र मी रात्र घालवत नाही. दिवे घालवून टॉर्च आरशाभोवती, घड्याळावर आणि धुराच्या यंत्रावर फिरवते, कुठे भिंग चमकलं तर बघते, आणि झोपते.

हे सगळं हॉटेलापुरतं. कुणाच्या घरातली किंवा फ्लॅटमधली खोली घेतलीस तर हिशेब वेगळा, तिथे किल्ल्या किती जणांकडे आहेत ते कुणालाच माहीत नसतं. कडीचाही अतिरेकी भरवसा नको. सराईत माणूस ती बाहेरून काढू शकतो, तिचा खरा फायदा म्हणजे वेळ मिळतो आणि आवाज होतो. तब्येत नरम असेल तर मदतीला येणाऱ्यांनाही ती आडवी येते हे लक्षात ठेव. आणि वर ऑफिसातल्या गप्पांबद्दल मी जे बोलले त्याचा अर्थ सगळं गिळून टाक असा घेऊ नकोस. कुणी छेडलं, मागे लागलं, दार ठोठावत राहिलं तर ते तारीख-वेळेसकट लेखी द्यायचं, हॉटेललाही आणि ऑफिसलाही. हसत हसत सांगायचं नाही, एवढंच. मी तिथे चुकले.

अरे हो, पाचर की अलार्म ते राहिलंच. पाचर घे, रबराची. प्लास्टिकची गुळगुळीत फरशीवर सरकते. पण दार आत उघडणारं असेल तरच तिचा उपयोग, बाहेर उघडणाऱ्या दाराला ती काही करू शकत नाही. अलार्म लागलेली पाचरही मिळते, मी वापरून बघितली. पहाटे झोपेत मीच दार उघडायला गेले आणि अख्खा मजला जागा केला.