लोकांनी झिडकारलेला, पण तुम्हाला मनापासून आवडणारा भयपटाचा पुढचा भाग कोणता?

आपण विचारले आहे की, प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी नाकारलेला असूनही स्वतःला मनापासून आवडतो असा भयपटाचा एखादा पुढचा भाग आहे का, आणि असल्यास त्याची बाजू कशी मांडाल. माझे उत्तर आहे १९९० साली प्रदर्शित झालेला 'द एक्झॉर्सिस्ट ३'. हा चित्रपट मला नुसता 'बरा' वाटत नाही; भयपटांपैकी माझ्या सर्वांत आवडत्या चार-पाच चित्रपटांत मी त्याला बसवतो आणि काही बाबतींत १९७३च्या गाजलेल्या मूळ चित्रपटाच्याही वर ठेवतो. असे म्हटले की ओळखीचे चित्रपटप्रेमी माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिची आता मला सवय झाली आहे. पुढे कथेतील जवळजवळ सगळी रहस्ये उघड करावी लागणार आहेत, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने चित्रपट पाहायचा आहे त्यांनी येथेच थांबावे.

या चित्रपटाच्या वाट्याला आलेली बदनामी बऱ्याच अंशी त्याच्या नावामुळे आलेली आहे. विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१च्या कादंबरीवर विल्यम फ्रीडकिन यांनी पहिला चित्रपट केला. त्याला ऑस्करची दहा नामांकने मिळाली आणि पटकथेचा पुरस्कार ब्लॅटींनी घरी नेला. १९७७ साली जॉन बूरमन यांच्या दिग्दर्शनाखाली दुसरा भाग आला आणि त्याची इतकी छी-थू झाली की या मालिकेचे नाव काढले तरी लोक हसू लागले. तेरा वर्षांनी ब्लॅटींनी स्वतःच्याच 'लीजन' (१९८३) या कादंबरीवर स्वतःच दिग्दर्शित केलेला चित्रपट आणला, तेव्हा दुसऱ्या भागाशी त्याचा काडीचाही संबंध नसताना वड्याचे तेल वांग्यावर निघाले. ब्लॅटींना चित्रपटाचे नावही 'लीजन'च ठेवायचे होते. निर्मात्यांना मात्र चलनी नाणे हवे होते. 'एक्झॉर्सिस्ट' हे नाव लावल्यावर त्यांच्या लक्षात आले की, भूतबाधा उतरवण्याच्या विधीवरून ओळखल्या जाणाऱ्या मालिकेच्या या भागात तो विधीच नाही. मग चित्रीकरण पूर्ण झालेल्या चित्रपटाला नवा शेवट जोडायला लावण्यात आला. प्रदर्शनानंतर पहिल्या आठवड्याअखेरीस चित्रपट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता, पण ती गर्दी टिकली नाही आणि तेथील एकूण कमाई सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरवर थांबली. झपाटलेली मुलगी, फिरणारी मान आणि हिरवी ओकारी पाहायला आलेल्या प्रेक्षकाला समोर दोन म्हातारे गप्पा मारत बसलेले दिसले. त्याला आपण फसवले गेलो असे वाटले, यात नवल नाही.

आणि माझ्या मते चित्रपटाची खरी ताकद नेमकी त्या दोन म्हाताऱ्यांच्या गप्पांत आहे.

कथा पहिल्या भागानंतर पंधरा वर्षांनी घडते. पहिल्या भागाच्या शेवटी, झपाटलेल्या मुलीची भूतबाधा उतरवताना, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातील उंच दगडी पायऱ्यांवरून कोसळून फादर कॅरस हे पाद्री मेले होते. त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पोलीस अधिकारी किंडरमन आणि फादर डायर हे दोघे मित्र दर वर्षी एकत्र चित्रपट पाहायला जातात. दोघेही आपापल्या सहकाऱ्याला हेच सांगून निघतात की, आज 'त्याला' फार वाईट वाटते, म्हणून त्याची सोबत करायला जातो. एवढ्या एका योजनेत दोघांचे दुःख, दोघांचा संकोच आणि दोघांची माया लेखकाने मांडून ठेवली आहे, आणि त्यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही. नंतर उपाहारगृहात किंडरमन सांगतो की, सासूबाई आल्या आहेत, त्यांनी जिवंत कार्प मासा विकत आणला आहे आणि त्याच्या पोटातली घाण निघून जावी म्हणून तो तीन दिवस न्हाणीघरातल्या टबात पोहतो आहे. त्यामुळे, तो म्हणतो, मला तीन दिवस अंघोळ नाही, आणि मासा झोपल्याखेरीज मी घरी जाणार नाही, कारण तो पुन्हा पोहताना दिसला तर माझ्या हातून त्याचा खून होईल. किंडरमन साकारणारे जॉर्ज सी. स्कॉट हे सगळे चेहऱ्यावरची माशी न हलवता, एखाद्या खटल्यात साक्ष द्यावी तसे बोलतात. मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मोठ्याने हसतो, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे लगेच अस्वस्थही होतो.

कारण थोड्याच वेळात फादर डायर किरकोळ तपासण्यांसाठी रुग्णालयात दाखल होतात आणि तेथेच त्यांचा खून होतो. हा खून चित्रपटात दाखवलेला नाही. किंडरमन खोलीत येतो, तेव्हा शरीरातले सारे रक्त काढून छोट्या-छोट्या भांड्यांत भरून नीट ओळीने मांडून ठेवलेले आहे. बाहेर एक थेंबही सांडलेला नाही. आणि भिंतीवर रक्तानेच एक वाक्य लिहिलेले आहे, ते त्या दोघांनी नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाचे नाव. ज्याच्या थट्टामस्करीवर आपण पाऊण तास हसलो त्या माणसाच्या बाबतीत हे घडल्यामुळे प्रेक्षकाला जे वाटते ते किळसवाणे दृश्य पाहून वाटणाऱ्या भीतीपेक्षा फार वेगळे आहे. भयपटात आधी माणसावर जीव जडू द्यावा आणि मग त्याला हात लावावा, हे बहुतेक दिग्दर्शकांना कळत नाही; त्यांना बळी देण्यासाठी फक्त एक संख्या हवी असते.

संपूर्ण चित्रपटभर ब्लॅटी हेच करतात. सुरुवातीला खून झालेल्या मुलाच्या देहाची अवस्था आपल्याला दाखवली जात नाही, ती किंडरमनच्या तोंडून ऐकवली जाते, आणि सांगता सांगता त्याचा आवाज दाटून येतो. पाद्र्यासमोर पापांची कबुली द्यायला आलेल्या एका व्यक्तीचा फक्त आवाज ऐकू येतो. तो एखाद्या प्रेमळ आजीबाईसारखा आहे, आणि त्या आवाजात एकामागून एक खून सांगितले जातात. लेखकाने दिग्दर्शन केले तर चित्रपट 'बोलका' होतो, अशी तक्रार नेहमी होते. या चित्रपटात बोलणे हेच मुख्य शस्त्र आहे, असे मला वाटते.

तरीही केवळ संवादांवर हा चित्रपट उभा आहे असे कोणी म्हणू नये, कारण त्यातला रुग्णालयाच्या लांबलचक मार्गिकेचा प्रसंग भयपटांच्या इतिहासात अभ्यासण्याजोगा आहे, आणि ज्यांना हा चित्रपट मुळीच आवडत नाही असे लोकही हे मान्य करतात. रात्रीची वेळ आहे. कॅमेरा मार्गिकेच्या एका टोकाला स्थिर उभा आहे आणि दुसऱ्या टोकाला, खूप दूर, आपल्या टेबलापाशी एकटी परिचारिका आहे. पार्श्वसंगीत नाही. तिला कसला तरी कडकड असा आवाज येतो, ती एका खोलीत जाते, तर तो पेल्यातल्या बर्फाच्या तडकण्याचा आवाज निघतो. त्याच क्षणी खाटेवरचा रुग्ण ओरडत उठून बसतो आणि आपण दचकतो. पुष्कळ दिग्दर्शक इतक्यावर समाधान मानून पुढे गेले असते. ब्लॅटी मात्र कॅमेरा परत त्याच जागी, त्याच अंतरावर नेऊन ठेवतात आणि आपल्याला वाट पाहायला लावतात. पहारेकरी येतात, जातात. परिचारिका आणखी एका खोलीत डोकावते, बाहेर येते, दार लावते, पाठ फिरवून चालू लागते. आणि मग पांढऱ्या कापडाने झाकलेली एक आकृती हाडे कापायची भली मोठी कात्री पुढे धरून तिच्या मागोमाग दारातून निघते, आणि कॅमेरा एकदम झेपावतो. पुढच्या चौकटीत शिर नसलेला एक पुतळा. बस्स. रक्ताचा टिपूसही नाही.

हा प्रसंग इतका परिणाम का करतो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या खोट्या धक्क्याने प्रेक्षकाची भीती खर्च होऊन जाते आणि तो सैल पडतो, हे तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की इतका वेळ एकच चौकट पाहून ती आपल्याला सुरक्षित वाटू लागते. तिच्यातल्या प्रत्येक दाराची आपल्याला ओळख झालेली असते. धोका बाहेरून चौकटीत येत नाही, तर आपण इतका वेळ बघत बसलेल्या दारांपैकीच एकातून येतो.

खुन्याची कल्पनाही मला असामान्य वाटते. प्रत्येक खुनाच्या जागी सापडलेले बोटांचे ठसे वेगळ्या माणसाचे आहेत, पण खुनाची पद्धत पंधरा वर्षांपूर्वी देहदंड झालेल्या 'जेमिनाय' नावाच्या खुन्याची आहे, आणि तीही इतकी तंतोतंत की वृत्तपत्रांना मुद्दाम चुकीचे सांगितलेले तपशील वगळून फक्त पोलिसांनाच माहीत असलेले खरे तपशील जुळतात. उलगडा असा होतो की, तो रुग्णालयातल्या बंद कोठडीत एका ओळख हरवलेल्या रुग्णाच्या, म्हणजे मेलेल्या फादर कॅरसच्याच, देहात बसलेला आहे आणि तेथून शेजारच्या विभागातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शरीरांचा वापर करतो. ज्यांना स्वतःचे नाव आठवत नाही, ज्यांना जेवण भरवावे लागते, ते निरुपद्रवी आजी-आजोबा रात्री हातात कात्री घेऊन बाहेर पडतात. घरात असे आजारपण पाहिलेल्या कोणालाही या कल्पनेतली क्रूरता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. एका प्रसंगात किंडरमन बोलत बोलत खोलीतून जातो आणि त्याच्या डोक्यावर, छतावरून, एक म्हातारी किड्यासारखी सरपटत जाते. त्याला ते कळतही नाही.

कोठडीतल्या प्रसंगांत या खुन्याच्या भूमिकेत ब्रॅड डूरिफ यांनी जे केले आहे ते तर केवळ थक्क करणारे आहे. हातपाय जखडलेला माणूस अंधाऱ्या कोपऱ्यात बसून नुसता बोलतो. कधी कुजबुजतो, कधी गर्जतो, मध्येच इंग्रज कवी जॉन डनची कविता म्हणतो, स्वतःच्या कसबाचे वर्णन एखाद्या रसिक कलावंताप्रमाणे करतो, आणि आपण मान वळवू शकत नाही. याउलट स्कॉट यांना त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनेत्याच्या 'गोल्डन रास्पबेरी' या थट्टेच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. १९७१ साली ऑस्कर नाकारणाऱ्या या नटाला त्याचे काय वाटले असेल ते असो, पण ते आरडाओरडा करतात ही तक्रार मला अर्धवट वाटते. आयुष्यभर प्रेते पाहून देवावरचा विश्वास उडालेला आणि विनोदाच्या आधाराने कसाबसा तग धरून राहिलेला हा माणूस आहे. मित्र गेल्यावर तो आधारही जातो आणि मग तो ओरडतो. त्याने शांतपणे बोलायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांनी बहुधा चित्रपटाचा पहिला अर्धा तास लक्ष देऊन पाहिलेला नाही.

दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. पहिल्या चित्रपटात किंडरमन आणि कॅरस यांची जेमतेम ओळख होती. येथे ते जिवलग मित्र असल्याचे आपल्याला मुकाट्याने मान्य करावे लागते. स्वर्गाचे रेल्वे स्थानक दाखवणारे स्वप्नदृश्य कल्पक आहे, पण त्यात बास्केटबॉलपटू पॅट्रिक ईविंग मृत्यूचा देवदूत म्हणून दिसला की रसभंग होतो. सर्वांत मोठा दोष म्हणजे तो लादलेला शेवट. निकोल विल्यमसन यांनी साकारलेले फादर मॉर्निंग आधीच्या कथेत कोठेही नीट गुंफलेले नाहीत. ते शेवटी विधी करायला येतात आणि आग, विजा, फाटणारी जमीन असा सगळा देखावा सुरू होतो. ज्या चित्रपटाने तोवर काहीही न दाखवता घाबरवले, तो अचानक सगळेच दाखवू लागतो.

मात्र येथे माझे मत या चित्रपटाच्या इतर चाहत्यांपेक्षा वेगळे आहे. २०१६ साली ब्लॅटींच्या मूळ योजनेच्या जवळ जाणारी आवृत्ती 'लीजन' नावाने उपलब्ध झाली. मूळ फिल्म हरवलेली असल्यामुळे तिच्यातील बराच भाग जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून घ्यावा लागला आहे आणि ते डोळ्यांना जाणवते. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१७ मध्ये, ब्लॅटी वारले. अनेक चाहते तीच खरी आवृत्ती मानतात. मला चित्रपटगृहात आलेलीच अधिक आवडते. मूळ योजनेत कोठडीतला माणूस सबंध चित्रपटभर डूरिफच होता. निर्मात्यांच्या आग्रहामुळे जे नवे चित्रीकरण झाले, त्यात पहिल्या भागातले फादर कॅरस, म्हणजे जेसन मिलर, परत आले, आणि मग एकाच कोठडीत कधी एक चेहरा तर कधी दुसरा दिसू लागला. किंडरमनला समोर आपला मेलेला मित्र दिसतो, आपल्याला त्याच्या आत बसलेला खुनी दिसतो. त्या चेहऱ्याशिवाय शेवटची गोळी ही एका गुन्हेगाराला घातलेली गोळी राहते. तो चेहरा असल्यामुळे ती मित्राने मित्राची केलेली सुटका होते. धंद्याच्या हिशेबाने केलेल्या ढवळाढवळीतून चुकून एक गोष्ट मूळ कल्पनेपेक्षा सरस निघाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण हा चित्रपट पाहणार असाल तर आधी १९७३चा पाहून घ्यावा, १९७७च्या वाटेला जाऊ नये, आणि थेट चित्रपटगृहातली आवृत्ती लावावी; 'लीजन' आवडल्यास नंतर पाहता येईल. उपाहारगृहातला माशाचा प्रसंग पुढे ढकलून पाहू नये. आणि फादर मॉर्निंग कोठडीत शिरले की पुढची काही मिनिटे डोळे मिटून घेतलेत तरी चालेल. कॅरसचा चेहरा परत आला की उघडावेत.