ओपन सोर्स डेटाबेसच्या कोडमधली चुकीची कमेंट दुरुस्त करणं हे खरं योगदान धरतात का?

तुमचा प्रश्न असा की, पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसच्या सोर्समध्ये कमेंट (कोडसोबत माणसांसाठी लिहिलेली टीप) एक सांगते आणि कोड दुसरंच करतो असं दिसलं, तर नुसती कमेंट बदलणारा पॅच (बदलाची फाइल) पाठवावा का, आणि त्याला कुणी काम मानेल का.

पाठवा. ‘कमेंट काय, कोड वाचा, कोड खोटं बोलत नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याबद्दल माझ्याकडे सहनशक्ती उरलेली नाही. डेटाबेसच्या गाभ्यात ते चुकीचं आहे. कोड काय करतो ते कोडमध्ये दिसतं. डिस्कवर दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं काय पडलेलं असू शकतं, ते दिसत नाही.

फ्रीझिंगचंच घ्या. म्हणजे जुनी रो (टेबलातली ओळ) सगळ्यांना कायम दिसणारी अशी खूण करणं. हे काम व्हॅक्यूम ही साफसफाईची आज्ञा करते. एक्समिन म्हणजे ती रो घालणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा नंबर. समजा एखाद्या फंक्शनवर कमेंट आहे: ‘व्हॅक्यूम फ्रीझ करताना रोचा एक्समिन बदलून २ लिहितो.’ ९.३ पर्यंत हे अक्षरशः खरं होतं, कारण २ हा फ्रोझन ट्रान्झॅक्शनसाठी राखीव आकडा आहे. २०१४ साली आलेल्या ९.४ पासून एक्समिनला हात लावत नाहीत. मूळ ट्रान्झॅक्शन नंबर नंतरच्या तपासासाठी उपयोगी पडतो, म्हणून तो तसाच ठेवतात आणि रोच्या हेडरमधले दोन बिट एकत्र लावतात: ‘एक्समिन कमिटेड’ (२५६) आणि ‘एक्समिन इनव्हॅलिड’ (५१२). एकच ट्रान्झॅक्शन कमिटेडही आणि इनव्हॅलिडही असू शकत नाही, म्हणून ही जोडी मोकळी होती. दोन्ही मिळून ७६८ म्हणजे फ्रोझन. जुन्या कमेंटवर विसंबून कुणी ‘एक्समिन २ असलेल्या रो मोजा’ असं टूल लिहिलं, तर नव्या डेटाबेसवर त्याला शून्य मिळेल.

आता खरी गोम. ही चूक दिसलेला माणूस उत्साहाने लिहितो: ‘एक्समिन कधीच बदलत नाही, टेबलात २ सापडणार नाही.’ ही दुरुस्ती मूळ कमेंटपेक्षा वाईट आहे. पीजी-अपग्रेड (डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेणारा प्रोग्रॅम) टेबलांच्या फाइली जशाच्या तशा पुढे आणतो, त्यामुळे ९.४ च्या आधीपासून चालत आलेल्या डेटाबेसात २ असलेल्या रो आजही सापडू शकतात. अशी कमेंट वाचून पुढचा कुणी २ ची तपासणी ‘आता लागत नाही’ म्हणून काढू शकतो. टेस्ट सगळ्या पास होतील, कारण टेस्टचा डेटाबेस दर वेळी नवा कोरा बनतो. म्हणून बरोबर कमेंटमध्ये तीन गोष्टी हव्यात: आता काय होतं, कोणत्या आवृत्तीपासून होतं, आणि जुनं काय शिल्लक असू शकतं. तिसरी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात.

हे हाताने पडताळायला पाच मिनिटं पुरतात. पेजइन्स्पेक्ट एक्स्टेन्शन (डिस्कवरची पानं कच्च्या रूपात दाखवणारं) लावा, एकच पूर्णांक कॉलम असलेलं टेबल करा, एक रो घाला. हीप-पेज-आयटम्सने पान शून्य बघा: इन्फोमास्क (हेडरमधल्या अशा बिटांची बेरीज) २०४८ दिसेल. टेबलावर एक साधा सिलेक्ट चालवून परत बघा: २३०४, कारण वाचतानाच कमिटेडचा हिंट बिट लागला. मग व्हॅक्यूम फ्रीझ: २८१६. एक्समिन मात्र तिन्ही वेळा तोच. टेक्स्ट कॉलम घेतलात तर आकडे वेगळे येतील, कारण बदलत्या लांबीचा बिटही त्यात मिळतो.

याच भागात दुसरा सापळा आहे. हेडरमधून एक्समिन काढायचे दोन मार्ग आहेत. ‘गेट-एक्समिन’ फ्रोझन रोसाठी २ परत देतो आणि ‘गेट-रॉ-एक्समिन’ डिस्कवरचा खरा आकडा देतो. एसक्यूएलमध्ये दिसणारा एक्समिन कॉलम रॉ असतो. त्यामुळे कमेंटमध्ये नुसतं ‘एक्समिन’ लिहिणं अपुरं आहे, कोणता ते लिहा.

पॅच लिहिण्याआधी एकच प्रश्न महत्त्वाचा: चूक कमेंटची की कोडची? गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवा, पण रेपोमध्ये असलेल्या इग्नोर-रेव्ह्ज फाइलसह, नाहीतर प्रत्येक ओळ पीजी-इंडेंटच्या (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या टूलच्या) कमिटवर बोट दाखवेल. मग कमेंटमधला एखादा वेगळा वाक्यांश घेऊन गिट लॉग मोठ्या एस पर्यायाने शोधा. कमेंट जुनी असेल आणि कोड नंतर मुद्दाम बदलला असेल, तर कमेंट शिळी झाली. दोन्ही एकाच कमिटमध्ये आले असतील, तर लेखकाच्या मनात कमेंटच होती आणि तुम्हाला बग सापडला असण्याची शक्यता आहे. तिथे कमेंट कोडप्रमाणे ‘सुधारली’ तर बगवर शिक्कामोर्तब होतं.

तेच विधान आणखी कुठे आहे ते ग्रेप करून (शब्द शोधून) बघा: हेडर फाइल, त्या फोल्डरमधली रीडमी, मॅन्युअल. एका इंडेक्स पद्धतीतून दुसरीत कॉपी झालेल्या कमेंट असतात, आणि एकच जागा दुरुस्त केली की दोन कमेंट एकमेकींशी भांडतात. पॅचमध्ये कोडची एकही ओळ नको. ते सिद्ध करायला ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइली ताडून बघू नका. ई-रिपोर्ट (एरर कळवणारा मॅक्रो) आणि असर्ट (अट खरी आहे का ते तपासणारा मॅक्रो) ओळीचा क्रमांक आत घालतात, म्हणून कमेंटची एक ओळ वाढली तरी फाइल बदलते. प्रीप्रोसेसरने मॅक्रो न उलगडता फक्त कमेंट काढून टाकलेलं आधीचं आणि नंतरचं रूप डिफ करा. पीजी-इंडेंट ब्लॉक कमेंट नव्याने भरतो. आत तक्ता असेल तर सुरुवातीच्या तारांकनालाच डॅश जोडा, मग तो हात लावत नाही. कमिट मेसेजमध्ये कोणत्या कमिटमुळे कमेंट शिळी झाली ते नक्की लिहा. रिव्ह्यू करणाऱ्याचा निम्मा वेळ तिथेच वाचतो.

‘कोड स्वतःच बोलतो’ म्हणणाऱ्यांना मेमरी बॅरिअर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम बांधून देणारी सूचना) दाखवा. एका फाइलमधला राइट बॅरिअर दुसऱ्या फाइलमधल्या कोणत्या रीड बॅरिअरशी जोडलेला आहे, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. ते फक्त कमेंट सांगते. ‘बोलावणाऱ्याकडे एक्सक्लुझिव्ह लॉक हवा’ ही कमेंट मात्र शक्य असेल तर असर्टमध्ये न्या. असर्ट हा ‘कॅसर्ट’ पर्याय चालू केलेल्या बिल्डमध्येच तपासला जातो आणि लॉक का हवा ते सांगत नाही, म्हणून कारणाची ओळ वर राहू द्या. हा अर्थातच कोडबदल झाला, त्याचा पॅच वेगळा.

थोडं हातचं राखूनही सांगतो. स्वल्पविराम आणि स्पेलिंगचे पन्नास पॅच म्हणजे हे काम नव्हे. ते साठवून एकत्र द्या. जुन्या शाखांमध्येही तीच कमेंट चुकीची असेल तर ते नमूद करा, पण तिथे बदल न्यायचा का हे कमिटर ठरवतात. आणि कमेंट-कोडच्या फरकातून परवानगीची तपासणी निसटतेय किंवा बफरबाहेर लिहिलं जातंय असं दिसलं, तर उघड पॅच पाठवू नका. प्रकल्पाच्या सुरक्षा टीमला खाजगीत कळवा.