पंधरा वर्षांच्या मोटारीचे पासिंग : घरी काय करावे, मिस्त्रीकडे काय सोपवावे

प्रश्न : आमची पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार २०११ साली सोलापुरातच नोंदवलेली असून येत्या काही महिन्यांत तिला पंधरा वर्षे पूर्ण होतील. मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे हाताला पान्यांची सवय आहे. पासिंगसाठी, म्हणजे नोंदणी-नूतनीकरणाच्या तपासणीसाठी, एका गॅरेजने डेंटिंग-पेंटिंगसह चाळीस हजार रुपयांचा अंदाज दिला. तो मला झेपणारा नाही. सायलेन्सर फटफट वाजतो, हेडलाइट पिवळे पडले आहेत आणि हँडब्रेक उतारावर गाडी धरत नाही. यांपैकी कोणती कामे मी स्वतः करावीत?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : त्या अंदाजपत्रकातून डेंटिंग-पेंटिंग आधी काढून टाका. रंग उडाला म्हणून गाडी नापास होत नाही. पत्रा गंजून आरपार गेला असेल किंवा बंपरची तुटलेली कड कोणाला लागण्याजोगी असेल, तर तेवढीच दुरुस्ती करा. त्याऐवजी सरकारी खर्च बाजूला ठेवा, कारण १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले असून त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो आणि उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा पडतात. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते, तेव्हा दुरुस्तीही पाच वर्षे गाडी वापरायची आहे असे समजूनच करा. तपासणीपुरते शेजाऱ्याचे टायर बसवणे किंवा गाडी न नेताच पीयूसीचा (धुराच्या तपासणीचा) कागद मिळवणे असले सल्ले तुम्हाला नक्की मिळतील. ते ऐकू नका, कारण त्याच गाडीत तुमच्या घरची माणसे बसणार आहेत.

कामाची सुरुवात सायलेन्सरपासून करा, कारण तो आवाजापुरता प्रश्न नाही. वाहनांच्या धुरासाठीचे भारत स्टेज चारचे निकष २०१० मध्ये देशातील ज्या मोजक्या शहरांत प्रथम लागू झाले त्यांत सोलापूर होते. म्हणून तुमच्या २०११ च्या गाडीला जुन्या गाड्यांची सवलत मिळत नाही. अशा पेट्रोल गाडीच्या धुरात आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन संथ चालताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भाग) आत असावे लागते आणि इंजिनाचा वेग वाढवून हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा लॅम्डाचा आकडाही पाहिला जातो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला, पाइपला चीर असेल तर तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला पेट्रोल कमी पडत असल्याचा भास होतो आणि इंजिनाचा संगणक जास्त पेट्रोल सोडू लागतो. चीर मागच्या बाजूला असेल तर तपासणीच्या धुरात हवा मिसळून लॅम्डा बिघडतो. एक साधा सायलेन्सर फुटल्यामुळे चांगले इंजिनही पीयूसीत अडकते ते असे.

गळती शोधण्यासाठी इंजिन थंड असताना, उघड्या जागेत गाडी चालू करा आणि मागच्या नळीच्या तोंडावर जाड फडके क्षणभर दाबून धरा. जिथून फुसफुस ऐकू येईल तिथे दोष आहे. सांध्याचा गॅस्केट तुम्ही स्वतः बदलू शकाल. पाइपला भोक असेल तर वेल्डरकडून पट्टी मारून घ्यावी, मात्र सायलेन्सरचा डबाच आतून कुजला असेल तर पट्टीवर पैसे घालवू नका. रोज घर ते कारखाना एवढीच धाव असलेल्या गाड्यांत हे विशेष होते, कारण जळणातून तयार झालेली वाफ डब्यात पाणी होऊन साचते आणि डबा ते पाणी सुकण्याइतका तापतच नाही. यानंतर एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि ऑइल बदला, पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापू द्या आणि मगच पीयूसी केंद्रात जा. पावतीवरचे आकडे जपून ठेवा. इंजिनाच्या तब्येतीची इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

हँडब्रेकच्या बाबतीत बहुतेक जण सरळ केबल आवळतात. मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममधले लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) झिजले असतील तर आवळलेली केबल तो दोष काही दिवस झाकते आणि पुढे चाक घासत राहते. तुम्ही ड्रम उघडून पाहू शकता, परंतु सपाट जागेवर पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी जॅक-स्टँडवर टेकवा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. आतली भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. लायनर जाड आणि कोरडे असतील तर आधी ड्रम आणि लायनरमधले अंतर जुळवा, केबल नंतर. आत तेलाचा ओलावा दिसला तर व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक-ऑइलचा सिलिंडर) गळतो आहे असे समजून तिथेच थांबा. सिलिंडर बदलणे, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणे, पुढचे डिस्क पॅड आणि स्टीअरिंगचे बॉल जॉइंट ही कामे अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाला ती अवघड नाहीत, पण तिथली पहिली चूक रस्त्यावर कळते. बाकीची कामे घरी केल्याने वाचलेला पैसा इथे लावावा.

हेडलाइट पिवळे पडणे ही आपल्या उन्हाची करणी आहे. काच नसून ते प्लॅस्टिक असल्याने पाणी सोडत ८००, १५०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा, पॉलिश करा आणि वरून अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट अवश्य द्या, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात दिवे पुन्हा पिवळे होतील. मग सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करून डिपरच्या प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली येते का ते पाहा. बल्ब कंपनीने दिलेल्या वॅटचेच ठेवा. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा मंद लागत असेल तर बल्बपेक्षा होल्डरची गंजलेली अर्थिंग आधी घासून पाहा.

काचांवरची काळी फिल्म काढून टाका. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आलाच पाहिजे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. वायपरचे रबर, हॉर्न, सीटबेल्ट पाहून घ्या आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर तिची नोंदणी आजच करा, कारण तिला दिवस लागतात. चेसिस नंबरवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने काढा, तिथे पॉलिश पेपर लावू नका. नंबर वाचता आला नाही तर बाकी सगळी मेहनत अडून बसते.

प्रश्न : पैसे वाचवण्यासाठी भंगारातल्या गाडीचे सुटे भाग घ्यावेत का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : आरसा, दिव्याचे खोके, दाराची कडी, बॉनेट असे भाग अवश्य घ्या, जुने असले तरी ते डोळ्यांनी पारखता येतात. ब्रेकचे होज, पॅड, लायनर आणि सीटबेल्ट मात्र नवेच घ्यावेत, कारण त्यांचा थकवा वरून दिसत नाही. टायर जुना घेणे भागच असेल तर त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा : ३२२१ म्हणजे तो २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी भरपूर असूनही बाजूला बारीक भेगा असतील, तर तो टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.