व्यसन आणि अभ्यास: एकाच घरातली भावंडं

कोथरूडहून एका वाचकाने विचारलंय: ‘हार्म रिडक्शन’ला मराठीत ‘व्यसनमुक्ती’ म्हटलेलं चालेल का?

अजिबात नाही! बातम्यांत, भाषणांत हा घोळ ऐकून कान किटले. व्यसनमुक्ती म्हणजे नशा सुटणं. हार्म रिडक्शन म्हणजे ती सुटो न सुटो, माणूस जगला पाहिजे: निर्जंतुक सुया, अफूजन्य नशा टोचून घेण्याऐवजी जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची गोळी, मात्रा जास्त झाली तर नॅलॉक्सोन हा उतारा. सरळ ‘हानी कमी करणं’ म्हणावं.

खरी गंमत ‘व्यसन’मध्येच आहे. ‘वासना’वरून ‘व्यसन’, असं मध्यंतरी एका वक्त्याने ठोकून दिलं. साफ चूक! वि + अस्, आणि हा अस् म्हणजे फेकणे. फेकायचं ते अस्त्र. ठेव म्हणून ठेवायचा तो न्यास. पुन्हापुन्हा करायचा तो अभ्यास, सगळं टाकून द्यायचा तो संन्यास. आणि याच कुळातलं व्यसन! कौटिल्याची व्याख्या बघा: ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’, माणसाला त्याच्या भल्यापासून दूर फेकतं ते व्यसन. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात मद्यपान, जुगार यांच्याबरोबर आग, पूर, दुष्काळ, रोगराईही आहे. १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर कौटिल्याच्या हिशेबाने पुण्यावरचं व्यसनच. पुरात अडकलेल्याला आधी दोर टाकतात, नदीकाठी घर का बांधलंस हे नंतर विचारतात.

‘वाईट सवय’ एवढाच अर्थ देणारे शालेय कोश इथेच नुकसान करतात. आपल्या पुण्याच्या वामन शिवराम आपट्यांच्या कोशात (१८९०) फेकणं आधी येतं, वाईट सवय बरीच खाली. माझं ठाम मत आहे, ‘संकट’ हा अर्थ मराठीत पुसट झाला म्हणूनच त्यामागे ‘मुक्ती’ इतकी घट्ट चिकटली. सवय सोडायची असते, संकटात मदत करायची असते.

आकडेही तेच सांगतात. २०२०मध्ये अमेरिकेत अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्या ४०,८८५ जणांच्या उपचारांची तुलना झाली. मात्रा जास्त होऊन जीव धोक्यात येण्याचं प्रमाण फक्त ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (तसंच दुसरं पर्यायी औषध) घेणाऱ्यांत घटलेलं दिसलं: उपचार न घेणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांत ७६ टक्क्यांनी, वर्षभरात ५९ टक्क्यांनी कमी. नुसतं उपचार केंद्रात भरती होऊन तसा फरक दिसला नाही.

आणि हो, ‘अफू’ संस्कृत ‘अहिफेन’वरून आली म्हणणाऱ्यांनी गाडं उलटं जुंपलंय. ग्रीक ‘ओपियॉन’, म्हणजे चीक. त्याचं अरबीत ‘अफ्यून’. आणि त्या अफ्यूनला संस्कृत पंडितांनी चढवलेला साज म्हणजे ‘अहिफेन’, सापाचा फेस!