भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये काढता येण्याजोग्या टाइल्स अंथरल्या, तर मूळ फरशी सुरक्षित राहते का?

आपण लिहिले आहे की पर्वरीला भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र घराच्या गॅरेजमध्ये नुकताच घोटलेला तांबडा कोबा, म्हणजे सिमेंटची गुळगुळीत फरशी, आहे, मालकांनी तो जपण्याबद्दल दोनदा बजावले आहे, आणि आपल्याला तिथे मोटार व दुचाकी ठेवून किरकोळ दुरुस्तीची कामेही करायची आहेत. एकमेकांत अडकणाऱ्या टाइल्स अंथरल्यास कोबा वाचेल का आणि घर सोडताना त्या बरोबर नेता येतील का, हे आपले दोन प्रश्न आहेत. दोन्हींचे उत्तर होय असेच आहे. मात्र गोव्यात त्या होकाराला एक अट जोडलेली आहे. टाइलखाली साचणाऱ्या ओलीला बाहेर पडण्यासाठी वाट असली पाहिजे. फोंड्याला भाड्याच्या घरात राहत असताना, मालकीणबाईंच्या फरशीचे नुकसान झाल्यावर मला ही गोष्ट कळली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पहिल्यांदा आणल्या त्या मऊ पीव्हीसीच्या, सपाट बुडाच्या, घट्ट बसणाऱ्या टाइल्स. त्या दिसायला नेटक्या होत्या, पायाला ऊबदार लागत आणि त्यांचा आवाज होत नसे. उन्हाळा चांगला गेला. ऑगस्टमध्ये चवथीच्या आधी साफसफाईला लागलो आणि कोपऱ्यातली एक टाइल उचलायला गेलो, तर ती जमिनीने आतून ओढून धरल्यासारखी चिकटून बसली होती. सुटली तेव्हा तिच्या पाठीवर दहिवरासारखे दाट थेंब दिसले. कोब्यावर, टाइलच्या चारही कडांच्या बरोबर खाली, लोणा फुटून, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार साचून, पांढरी चौकट उमटली होती. बोट फिरवले तर पिठासारखी पूड हाताला लागली आणि खालचा तांबडा रंग विटकरीच्या चुऱ्यासारखा निस्तेज झालेला दिसला. शेजारच्या टाइलखालीही तशीच चौकट होती, आणि त्याच्या पुढच्या टाइलखालीही.

असे का झाले, हे समजून घेतले की कोणती टाइल घ्यावी हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. जुन्या घरांच्या गॅरेजमध्ये कोब्याखाली बहुधा चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, तुकडे आणि मातीची भर असते. ओल अडवणारा प्लॅस्टिकचा थर क्वचितच घातलेला असतो. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरते, ती ओल सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि येताना विरघळलेले क्षार बरोबर आणते. फरशी उघडी असेल तर हे पाणी हळूहळू हवेत उडून जाते. वर सपाट प्लॅस्टिक अंथरले की ते फक्त सांध्यांपाशी उडू शकते, त्यामुळे सगळे क्षार त्याच रेषेत साचतात. सुकताना त्यांचे स्फटिक वाढतात आणि कोब्याच्या वरच्या गुळगुळीत थराला आतून उकलतात. कोरड्या ब्रशने आणि साध्या पाण्याने मी तो लोणा दोनदा काढला, दोन्ही वेळा तो परत आला, आणि गेलेली चकाकी शेवटपर्यंत आली नाही. घर सोडताना पॉलिशचा खर्च मी स्वतः केला, कारण तो माझ्याकडूनच होणे रास्त होते.

तेव्हा आपण आधी फरशीची परीक्षा घ्यावी. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि तो किमान 16 तास तसाच राहू द्यावा. उचलताना त्याच्या आतल्या बाजूला पाणी दिसले, किंवा त्याखालचा कोबा भोवतालच्या रंगापेक्षा गडद झालेला आढळला, तर ओल खालून येत आहे असे समजावे. चिकटपट्टी नव्या पॉलिशला लागून रंग उचलणार नाही ना, हे आधी एका कोपऱ्यात पाहून घ्यावे. ही परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये घेतली तर फरशी खोटे समाधान देते. जुलैमध्ये घेतलेलीच खरी मानावी.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही ओल सापडेलच. म्हणून पॉलीप्रोपिलीन या टणक प्लॅस्टिकच्या, जाळीदार पृष्ठभागाच्या आणि खालून बारीक पायांवर उभ्या राहणाऱ्या टाइल्स घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. या पायांमुळे टाइल आणि कोबा यांच्यामध्ये हवेचा थर राहतो, शटरच्या फटीतून आलेला वारा खालून फिरतो आणि गाडीवरून निथळलेले पाणी जाळीतून उतरून उताराने बाहेर जाते. पीव्हीसीचा दुसरा दोषही इथे सांगितला पाहिजे. टायरच्या रबरात ते लवकर तडकू नये म्हणून जी रसायने मिसळतात ती मऊ पीव्हीसीत शिरतात, आणि गाडी रोज जिथे उभी राहते तिथे न निघणारे तपकिरी डाग पडतात. पॉलीप्रोपिलीनवर असे डाग सहसा धरत नाहीत. लहान मुलांच्या खोलीत घालतात त्या फोमच्या टाइल्स स्वस्त मिळतात, परंतु मोटारीच्या वजनाने त्या दबून फाटतात. त्यांचा विचारही करू नये.

मात्र पॉलीप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके असते. आपले गॅरेज रस्त्यापेक्षा खाली असेल आणि जोराच्या पावसात आत पाणी शिरत असेल, तर गाडीखाली न दबलेल्या टाइल्स तराफ्यासारख्या वर येतील. अशा गॅरेजमध्ये आधी उंबऱ्यापाशी पाणी अडवण्याची सोय मालकांकडून करून घ्यावी आणि मगच टाइल्सवर पैसे खर्च करावेत.

मोजमापाचे उदाहरण देतो. 3 मीटर रुंद आणि 5.4 मीटर लांब गॅरेजला 30 सेंटिमीटरच्या 180 टाइल्स लागतात. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसवणे ही मोठी चूक ठरते. पॉलीप्रोपिलीन उष्णतेने बरेच प्रसरण पावते. 5 मीटर लांबीच्या पट्ट्यात तापमान 20 अंशांनी वाढले की लांबी साधारण 10 ते 15 मिलिमीटरने वाढते. जागा न मिळाल्यास मधला भाग पापडासारखा फुगतो आणि टाइल्स एकमेकांत अडकवणारे आकडे तुटतात. म्हणून लांबीच्या दोन्ही टोकांना बोटभर फट ठेवावी. सुरुवात शटरपाशी पूर्ण टाइलने करावी, म्हणजे कापलेले तुकडे मागच्या भिंतीकडे जातात. दारापाशी उताराची किनारपट्टी लावावी. शटरखालून ऊन आत येत असेल तर तिथल्या ओळीसाठी उन्हाला टिकणारा माल मागून घ्यावा. बसवायला रबरी हातोडा पुरतो. डिंक, सिलिकॉन किंवा खिळे यांची गरज नसते आणि कोणी मिस्त्री तसे सुचवत असेल तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

अंथरण्यापूर्वी कोबा दोनदा झाडावा आणि ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. आपल्या तांबड्या मातीतले वाळूचे कण टाइलच्या पायांखाली अडकले, तर गाडीच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते पॉलिश पेपरसारखे घासतात. खाली प्लॅस्टिकचा कागद, जुना गालिचा किंवा वर्तमानपत्रे घालू नयेत. त्यांनी हवेचा थर बंद होतो आणि ओल पुन्हा तिथेच कोंडली जाते. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवू नये, कारण त्या पिळाने सांधे सुटतात. दुचाकीच्या साइड स्टँडखाली आणि जॅकखाली प्लायवुडचा जाड तुकडा ठेवावा.

दुरुस्तीच्या कामांबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण टाइल्समुळे ऑइल अडते हा समज खरा नाही. जाळीतून ते सरळ खाली जाते, आणि बंद पृष्ठभागाच्या टाइलमध्येही सांध्यांतून झिरपते. फरक इतकाच की ते आपल्याला दिसत नाही. इंजिनखाली पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा उथळ ट्रे कायम ठेवावा. ऑइल सांडल्यास लगेच टाइल उचलून लाकडाचा भुसा टाकावा, तो शोषून घेऊ द्यावा आणि मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने डाग घासावा. बॅटरीचे पाणी सांडले तर त्यावर खाण्याचा सोडा टाकावा, फेस थांबेपर्यंत टाकत राहावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. फरशीचे डाग काढायला ॲसिड वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, ती इथे पूर्ण टाळावी. ॲसिड सिमेंटलाच खाते. या टाइल्स जळतात, त्यामुळे त्यांच्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे काम करू नये.

वर्षातून तीनदा, पावसाआधी, ऐन पावसात आणि चवथीनंतर, किमान चार-पाच ठिकाणच्या टाइल्स उचलून खाली पाहावे. गोम आणि विंचू ओलसर आडोशाला येतात, तेव्हा हात घालण्यापूर्वी काठीने टाइल उलटावी.

आता मालकांविषयी. टाइल्स आणण्यापूर्वीच कोब्याचे, आधीच्या भेगांचे व डागांचे तारखेसह फोटो काढून त्यांना पाठवावेत आणि परवानगी लेखी घ्यावी. आपला करार भाडेपट्टा असेल तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे 108 वे कलम पाहावे. करारात वेगळे काही ठरले नसेल तर भाडेकरूला स्वतः जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेता येतात, परंतु जागा मिळाली होती त्या स्थितीत सोडावी लागते. रास्त वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असेल तर हे कलम थेट लागू होत नाही आणि करारातील शब्दच महत्त्वाचे ठरतात. म्हणून त्यात एवढे एक वाक्य घालून घ्यावे: ‘गॅरेजमध्ये अंथरलेल्या सुट्या टाइल्स भाडेकरूच्या मालकीच्या असून घर सोडताना तो त्या काढून नेईल.’

राहिला प्रश्न पुढच्या घराचा. शक्य तितक्या कमी टाइल्स कापाव्यात आणि दहाएक जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात, कारण नव्या गॅरेजची मापे जुळत नाहीत आणि तोच साचा पुन्हा मिळेल याची खात्री नसते. माझ्या दुसऱ्या खेपेच्या जाळीदार टाइल्स फोंड्याच्या त्याच घरात पुढची तीन वर्षे होत्या आणि त्या काळात लोणा पुन्हा फुटला नाही. निघताना मी व मुलाने सकाळच्या दोन तासांत त्या उचलल्या, अंगणात नळाखाली धुतल्या आणि दहा-दहाच्या चळती करून सुतळीने बांधल्या. मालकीणबाई चप्पल काढून मोकळ्या कोब्यावरून भिंतीपर्यंत चालत गेल्या, जुन्या चौकटी होत्या त्या जागी थांबून त्यांनी पायाचा अंगठा फिरवून पाहिला, आणि अनामत रक्कम त्याच दिवशी परत केली. आताचे गॅरेज अरुंद असल्यामुळे वीस टाइल्स उरल्या. त्या मी मागच्या दारी, कपडे धुण्याच्या दगडापाशी अंथरल्या आहेत.