निम्मा संघ जायबंदी, तरीही शर्यतीत

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीत काम करतो आणि गेली दोन वर्षे पहाटे कामावर निघण्यापूर्वी अमेरिकेतील बेसबॉलचे सामने पाहतो. माझ्या आवडत्या संघाचे यंदा चार पिचर (चेंडू फेकणारे) आणि दोन प्रमुख फलंदाज जायबंदी झाले, मे महिन्यात तो सलग आठ सामने हरला, तरीही ऑगस्टअखेर तो बाद फेरीच्या शर्यतीत आहे. क्रिकेटमध्ये एवढे झाल्यावर संघ केव्हाच बाहेर गेला असता. हे नशीब म्हणायचे की आणखी काही?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नशिबाचा वाटा असतोच, पण पहिले कारण हंगामाच्या लांबीत आहे. मेजर लीग या तेथील अव्वल स्पर्धेतील प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो. आयपीएलच्या साखळीत एका संघाच्या वाट्याला १४ सामने येतात. तेथे सलग चार पराभव झाले की पाव हंगामाहून अधिक भाग हातचा जातो, तर बेसबॉलमध्ये आठ पराभव म्हणजे हंगामाचा जेमतेम विसावा भाग. २०२४ मध्ये बंगळुरूचा संघ पहिल्या आठपैकी सात सामने हरला आणि नंतर सलग सहा जिंकून बाद फेरीत पोहोचला, ही गोष्ट आपल्याकडे अजून नवलाने सांगितली जाते. बेसबॉलमध्ये सावरायला याहून कितीतरी अधिक अवकाश असतो. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने पहिल्या ५० सामन्यांपैकी ३१ गमावले होते. उरलेल्या ११२ पैकी त्याने ७४ जिंकले आणि त्याच वर्षी तो विश्वमालिकेचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, विजेता ठरला.

दुसरे कारण खेळाच्या घडणीत आहे. क्रिकेटमध्ये जम बसलेला फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर राहून एकट्याच्या बळावर सामना फिरवू शकतो. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमानेच येतात, त्यामुळे कितीही मोठा खेळाडू असला तरी एका सामन्यात त्याला सुमारे चार वेळाच संधी मिळते. सामन्याची सुरुवात करणारा पिचरही साधारणपणे दर पाचव्या दिवशी मैदानात उतरतो. बदली खेळाडूच्या तुलनेत कोण किती विजय मिळवून देतो, याचा हिशेब तेथील अभ्यासक मांडतात. त्यानुसार नेहमीचा बरा खेळाडू पूर्ण हंगामात सुमारे दोन आणि अत्यंत श्रेष्ठ खेळाडू सात-आठ विजयांची भर घालतो. असा श्रेष्ठ खेळाडू अर्ध्या हंगामासाठी गेला, तर तीन-चार विजयांचे नुकसान होते. हे नुकसान मोठे आहे, पण भरून न येणारे नाही. मात्र त्याच्या जागी येणारा खेळाडू तयार असला पाहिजे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथेच आहे.

मैदानावरील संघात २६ जण असतात, पण कराराने बांधलेली व्यापक यादी ४० जणांची असते आणि उरलेल्यांपैकी बरेचसे लगतच्या खालच्या पातळीवर, म्हणजे ट्रिपल-ए संघात, रोज सामने खेळत असतात. जायबंदी यादीवर फलंदाजाला किमान १० दिवस आणि पिचरला किमान १५ दिवस ठेवावे लागते. दुखापत गंभीर असेल, तर ६० दिवसांच्या यादीवर टाकून ४० मधील त्याची जागाही मोकळी करता येते. वरून बोलावणे येताच खालचा खेळाडू दुसऱ्या दिवशी मैदानात उभा राहू शकतो, कारण त्याचा हात चालू असतो. आपल्याकडे निफाड-दिंडोरीचा अनुभवी द्राक्षबागायतदार सगळ्या बागेची छाटणी एकाच दिवशी करत नाही, टप्प्याटप्प्याने करतो, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी सगळीच बाग एकाच वेळी फुलोऱ्यात सापडत नाही. संकट येणार हे गृहीत धरून आधीच केलेली ही तजवीज आहे, आणि चांगले बेसबॉल व्यवस्थापनही हिवाळ्यात हेच करते.

२०१९ चा न्यूयॉर्क यँकीज संघ याचे ठळक उदाहरण आहे. त्या हंगामात त्यांचे ३० खेळाडू जायबंदी यादीवर गेले, हा तोवरचा उच्चांक होता. जियानकार्लो स्टँटनसारखा फलंदाज केवळ १८ सामने खेळू शकला. तरीही संघाने १०३ सामने जिंकले. जियो उर्शेला या खेळाडूला यँकीजने आदल्या वर्षी टोरांटोकडून केवळ रोख रकमेच्या मोबदल्यात घेतले होते, आणि तोवर फलंदाज म्हणून त्याची फारशी गणना होत नव्हती. तिसऱ्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू जायबंदी झाल्यावर त्याला संधी मिळाली, आणि त्याने .३१४ ची सरासरी (दर हजार प्रयत्नांत ३१४ यशस्वी फटके) राखून २१ होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) मारले.

मला मात्र २०२१ चा अटलांटा ब्रेव्ह्ज संघ अधिक जवळचा वाटतो, कारण तो यँकीजइतका बलाढ्य दिसत नव्हता. त्यांचा तरुण पिचर माइक सोरोका टाचेजवळच्या स्नायुबंधाच्या दुखापतीमुळे पूर्ण हंगामाला मुकला. १० जुलैला रोनाल्ड अकुन्या या सर्वांत गुणी खेळाडूच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. हंगामाच्या मध्यावरील विश्रांतीच्या वेळी संघाच्या नावावर ४४ विजय आणि ४५ पराभव होते. अशा वेळी पुष्कळ संघ महागडे खेळाडू विकून पुढच्या वर्षाची तयारी करतात. अटलांटाने तसे केले नाही. जुलैच्या अखेरीपर्यंत त्यांनी जॉक पीडरसन, अ‍ॅडम डुव्हॉल, होर्हे सोलेर आणि एडी रोझारियो असे चार आउटफील्डर (मैदानाच्या सीमेकडचे क्षेत्ररक्षक) मिळवले. त्यांपैकी कोणीही त्या घटकेला तारा नव्हता. सोलेरची सरासरी .१९२ होती आणि रोझारियो स्वतःच जायबंदी होता. एका अकुन्याची जागा चौघांत वाटून घेतली गेली. विश्रांतीनंतर संघाने ४४ जिंकले आणि केवळ २८ गमावले. पुढे आपल्या लीगच्या (मेजर लीगमध्ये दोन लीग आणि प्रत्येकीत तीन विभाग असतात) अंतिम मालिकेत रोझारियो आणि विश्वमालिकेत सोलेर सर्वोत्तम खेळाडू ठरले. विश्वमालिकेच्या पहिल्याच सामन्यात चेंडू लागून चार्ली मॉर्टन या पिचरच्या पायाचे हाड मोडले होते, तरी अटलांटाने ती मालिका ४-२ अशी जिंकली.

अटलांटाचे ८८ विजय हे त्या वर्षी बाद फेरीत गेलेल्या संघांत सर्वांत कमी होते, हेही लक्षात घ्यावे. त्यांच्या विभागातील प्रतिस्पर्धीच कमकुवत होते. दुसरीकडे लॉस एंजेलिस डॉजर्स १०६ सामने जिंकूनही आपल्या विभागात दुसरे आले. शर्यतीत टिकणे हे शेजाऱ्याच्या चालीवरही अवलंबून असते, म्हणून आपल्या संघाच्या पराभवांबरोबर पुढील संघाचे अंतरही पाहत जावे.

प्रश्न : व्यवस्थापनाने हंगामाची आशा कधी सोडावी, याचा काही नियम आहे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : नियम नाही, आणि जाणकारांचेही अंदाज चुकतात. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून तीन विभाग-विजेते आणि उरलेल्यांतील सर्वोत्तम तीन, म्हणजे वाइल्ड कार्ड, संघ, असे एकूण १२ संघ बाद फेरीत जातात. त्यामुळे मधल्या फळीतील संघांची आशा सप्टेंबरपर्यंत जिवंत राहते. २०२४ मध्ये डेट्रॉइट टायगर्सनी जुलैअखेर आपला चांगला पिचर जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सना देऊन टाकला होता आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचे ५५ विजय व ६३ पराभव होते. उरलेल्या ४४ सामन्यांपैकी ३१ जिंकून ते बाद फेरीत गेले. त्यांच्याकडे भरवशाचा प्रमुख पिचर एकच होता, तारिक स्कूबल. इतर दिवशी प्रशिक्षक ए. जे. हिंच पाच-सहा पिचरांकडून थोड्या थोड्या इनिंग (सामन्याच्या नऊ भागांपैकी एकेक भाग) काढून घेत.

प्रश्न : मी नाशिकरोड परिसरातील एका शाळेत चौदा वर्षांखालील मुलांच्या बेसबॉल संघाला शिकवतो. संघात १३ मुले आहेत. दोन पिचर आजारी पडले, आता एकच चांगला पिचर उरला आहे आणि त्याचे कोपर दुखते आहे. पुढचा सामना जिंकलो तर आम्ही स्पर्धेत टिकतो. मुलगा आणि त्याचे वडील दोघेही खेळण्याचा आग्रह धरत आहेत. काय करावे?
— एक क्रीडाशिक्षक

उत्तर : सर, त्याला पिचिंग देऊ नका. तुमची अडचण मला समजते, तेरा मुलांच्या संघाला ट्रिपल-ए नसते, तरीही या उत्तरात मला कोणतीही तडजोड दिसत नाही. या वयात कोपराजवळची वाढीची कूर्चा पक्की झालेली नसते आणि वारंवार जोराने फेकल्याने तिला इजा होते. मोठ्या पिचरांच्या कोपराच्या अस्थिबंधावर जी शस्त्रक्रिया होते, ती १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. तिच्यानंतर आजही पुन्हा खेळायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. त्या खेळाडूंच्या मागे डॉक्टरांचे पथक असते, आपल्या मुलाच्या मागे तुम्ही आणि त्याचे आईवडील आहात.

अमेरिकेत मुलांसाठी जी मार्गदर्शक मर्यादा आखलेली आहे, तीनुसार तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ हून अधिक चेंडू टाकू नयेत आणि ६६ किंवा त्याहून अधिक टाकले, तर किमान चार दिवस विश्रांती घ्यावी. ही मर्यादा दुखणे नसलेल्या मुलासाठी आहे. दुखत असेल तर एकही चेंडू नको, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय परत मैदानात नको. पिचिंग बंद करून त्याला कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) म्हणून उभे करण्याचा मोहही टाळा, कारण कॅचरलाही सतत फेकावे लागते.

आजारी दोघे वगळून उरलेल्या दहांतून अचूक फेकणारी तीन मुले निवडा, मग त्यांचा वेग कमी असला तरी चालेल. आजपासून रोज संध्याकाळी प्रत्येकाकडून कॅचरच्या मिटमध्ये (मोठ्या हातमोज्यात), छातीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, वीस-पंचवीस चेंडू टाकून घ्या आणि सामन्यात प्रत्येकाला दोन-दोन इनिंग द्या. फटके बसतील, म्हणून क्षेत्ररक्षणाच्या सरावाला अर्धा वेळ ठेवा. दुखणाऱ्या मुलाला डगआउटमध्ये चेंडूंची मोजणी करायला बसवा आणि त्या तिघांपैकी कोण थकत आहे, हे त्यालाच विचारा. पिचरचा खांदा कधी खाली येऊ लागतो, हे त्याला तुमच्या-माझ्याहून लवकर दिसेल. त्याच्या वडिलांशी मात्र सामन्याच्या आदल्या दिवशी, मुलगा समोर नसताना, स्वतः बोला.